आवाजाचा कंप: बोटॉक्स की डीबीएस?

आवाज कापतो, गोळ्यांनी भागत नाही आणि आता पर्याय दोन: स्वरयंत्रात ठरावीक काळाने बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू तात्पुरते सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन, किंवा मेंदूत इलेक्ट्रोड बसवणारी डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस. कंप फक्त आवाजात असेल तर आधी बोटॉक्स करून बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. हातही कापत असतील आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार चालूच असेल, तर मात्र गणित बदलतं.

(प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन या कंपावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा उपयोग हातांना जितका होतो तितका आवाजाला सहसा होत नाही. तरी दोन्ही पुरेशा डोसमध्ये घेऊन झाली आहेत ना, हे आधी तपासा. लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा दम्यातलं साल्ब्युटामॉल चालू असेल तर कंपाचं मूळ तिथेही असू शकतं.)

खरा निर्णय दुर्बिणीखाली होतो. नाकातून बारीक एंडोस्कोप घालून रुग्णाला ‘आ’ लांबवायला सांगतात. फक्त स्वरतंतूच आत-बाहेर हलत असतील तर बोटॉक्सला चांगला वाव असतो. अख्खं स्वरयंत्र वर-खाली होत असेल, टाळू आणि जिभेचं मूळही त्याच तालात हलत असेल, तर दोन छोट्या स्नायूंत औषध टोचून फारसं साधत नाही. याच तपासणीत स्पॅझ्मॉडिक डिस्फोनियाही ओळखता येतो. त्यात आवाज एका लयीत थरथरत नाही, ठरावीक उच्चारांवर अडकतो किंवा तुटतो. दोन्ही एकत्रही आढळतात.

इंजेक्शन गळ्याच्या पुढून, ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतले विद्युत संकेत ऐकवणाऱ्या यंत्राच्या, आवाजावर सुईची जागा पक्की करत देतात. दोन्ही बाजूंना साधारण १ ते २.५ युनिट, पहिल्या वेळी त्याहूनही कमी. युनिटचा हिशेब ब्रँडनुसार बदलतो, त्यामुळे डॉक्टर बदलताना जुना कागद सोबत न्या. दोन-तीन दिवसांत परिणाम दिसू लागतो, पण पहिले एक-दोन आठवडे आवाज हवेशीर, दुबळा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. हनुवटी खाली करून छोटे घोट घ्यायचे. पुढे साधारण तीन महिने बरे जातात, मग पुन्हा सुई. डोस जास्त पडला तरी त्याचा परिणाम उतरतो, हा याचा मोठा फायदा.

डीबीएसमध्ये मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या केंद्राच्या व्हिम नावाच्या भागात इलेक्ट्रोड जातो आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसते. ही पद्धत १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला सुरू झाली आणि अमेरिकेत १९९७ मध्ये तिला मंजुरी मिळाली, ती हाताच्या कंपासाठी. नुसत्या आवाजासाठी ती आजही नेहमीची शस्त्रक्रिया नाही. अडचण अशी की आवाज शरीराच्या मध्यरेषेवरचा. एका बाजूच्या इलेक्ट्रोडने हात सुधारतो, आवाज मात्र थोडाच. दोन्ही बाजूंना बसवले तर आवाजाला जास्त फायदा, पण जीभ जड होणं आणि तोल जाणं हे धोकेही तिथेच वाढतात. म्हणजे ज्या बोलण्यासाठी शस्त्रक्रिया करायची, तेच अडखळू शकतं.

असं का होतं? करंट बाजूच्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये, म्हणजे हालचालींचे आदेश नेणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात, पसरला की उच्चार अस्पष्ट होतात; मागे पसरला तर हातात किंवा ओठाभोवती मुंग्या येतात. उपाय प्रोग्रॅमिंगमध्ये आहे: संपर्कबिंदू बदलणं, व्होल्टेज उतरवणं, पल्सची रुंदी ६० मायक्रोसेकंद किंवा त्याखाली आणणं. फ्रीक्वेन्सी बहुधा १३० ते १८० हर्ट्झ असते. पहिल्याच भेटीत सगळं जमत नाही. काही महिने फेऱ्या धरून चाला. काहींच्या बाबतीत वर्षांनंतर परिणाम ओसरतो, म्हणून रात्री यंत्र बंद ठेवायला सांगतात. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके प्रमाणाने कमी, पण गंभीर आहेत. चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते.

तिसरा मार्ग फोकस्ड अल्ट्रासाउंडचा: ध्वनिलहरी एकवटून व्हिममध्येच छोटा व्रण करतात. कवटी उघडावी लागत नाही, बॅटरी नाही, पण व्रण पुसता येत नाही. आवाजाच्या रुग्णाने मेंदूच्या दुसऱ्या बाजूलाही व्रण करायला हो म्हणताना हे नीट ऐकून घ्यावं.

डीबीएस ठरलीच, तर शस्त्रक्रियेआधी आवाजाचं रेकॉर्डिंग करून ठेवा: लांबवलेला ‘आ’, एक परिच्छेद, थोडं साधं बोलणं. नंतर यंत्र चालू आणि बंद ठेवून तेच पुन्हा. प्रोग्रॅमिंगच्या खोलीत बऱ्याचदा हाताचा कंप बघायला कागदावर सर्पिल काढून घेतात आणि आवाज मागे राहतो. रेकॉर्डिंग समोर असलं की त्याच्याकडेही लक्ष जातं. शिवाय फिजिओथेरपीतलं डायथर्मी (यंत्राने आतपर्यंत उष्णता देणं) कायमचं वर्ज्य, आणि एमआरआयआधी यंत्राचं मॉडेल सांगायला विसरू नका.