नाल्याच्या संवर्धन पट्ट्याचे लोकसहभागी नियोजन : घेतलेल्या सेवेचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीला मिळणाऱ्या आमच्या नाल्याच्या दोन्ही काठांवर संवर्धन पट्टा, म्हणजे झाडे आणि गवत वाढू देण्यासाठी मोकळी सोडलेली पट्टी, राखण्याचे ठरल्यावर ग्रामपंचायतीने एका संस्थेची सेवा घेतली. नाल्याची पाहणी करणे, गावकऱ्यांचे म्हणणे ऐकणे आणि त्यावरून नकाशासह आराखडा करून देणे, असे कामाचे स्वरूप होते. काठाला लागून माझे अडीच एकर वावर असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून सोबत होतो.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शिवारफेरी. संस्थेची दोन मुले सकाळी सात वाजता आली आणि उगमाकडून खाली, ज्याचे वावर लागेल त्याला सोबत घेत, दुपारपर्यंत चालत राहिली. एका वळणावर आमच्या गावच्या वयस्क गुराख्याने काठीने वाळू उकरली. थोड्याच वेळात त्या खड्ड्यात स्वच्छ पाणी पाझरून आले. ‘‘उन्हाळ्यातही हा झिरा आटत नाही, पन तुमच्या नकाशात हा कुठी हाय?’’ असे त्याने विचारले. ‘‘बाबाजी, तुम्हीच खूण करून द्या,’’ असे म्हणत त्या मुलांपैकी एकाने कागद आणि पेन्सिल त्याच्या हाती दिली. गुरे राखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला नकाशावर खूण करायला सांगितलेले मी प्रथमच पाहिले.

पुढे खोलीकरण झालेला भाग आला. तिथे पोकलेनने काढलेली माती काठावरच टाकलेली होती आणि कहू (अर्जुन), करंज, जांभूळ ही मुळांनी काठ धरून ठेवणारी झाडे उरलेली नव्हती. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि आधार नसला की ढासळते. त्यामुळे तो सारा ढिगारा पुन्हा पात्रात उतरला आहे आणि त्यावर बेशरमाची झुडपे माजली आहेत. हे त्या मुलांनी धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून इतक्या सोप्या रीतीने समजावले की पट्ट्याला विरोध असलेले दोघे-तिघेही लक्ष देऊन ऐकत होते. वावरातून वाहून येणारी माती आणि खत काठावरचे गवत अडवते, हेही तिथेच सर्वांना पटले.

आराखड्यासाठी बोलावलेल्या ग्रामसभेबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. ती ऐन कापूस वेचणीत, सकाळी अकरा वाजता ठेवली. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे लोक जमलेही. परंतु नाल्यावर कपडे धुणाऱ्या, गवत कापणाऱ्या, सरपण आणणाऱ्या बाया वेचणीला गेलेल्या होत्या. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद असताना ती इथे का टाळली, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. नकाशा भिंतीवर दाखवला, त्यातली अक्षरे मागच्या रांगेतून वाचता येत नव्हती आणि गुराख्याने दाखवलेला झिरा त्यात नव्हताच. मी उठून विचारल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि आठवड्याभरात सुधारित नकाशा दिला, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

पट्ट्याची रुंदी हा खरा वादाचा प्रश्न होता. सर्वत्र सारखीच रुंदी धरली असती, तर एक-दोन एकरवाल्यांचे वावर त्यातच संपले असते. दुसरी बैठक आम्ही आग्रहाने रात्री आठ वाजता, मारुतीच्या पारावर घ्यायला लावली. तिथे बायाही बोलल्या आणि उताराप्रमाणे व ज्याच्याकडे जेवढी जमीन त्याप्रमाणे रुंदी बदलावी, असे ठरले. संस्थेने ते जसेच्या तसे आराखड्यात उतरवले.

ज्या गावांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी ती अवश्य घ्यावी. मात्र बैठक रात्रीची, बायांची सभा वेगळी आणि मराठी नावांचा मोठा छापील नकाशा आठ दिवस आधी पंचायतीच्या भिंतीवर, या तीन अटी करारातच लिहून घ्याव्यात.