एटिमऑनलाइन: पवित्र-अपवित्र शब्दांची मुळं शोधायला उत्तम कोश

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कोशांत डग्लस हार्पर यांचा 'एटिमऑनलाइन' पहिल्या पसंतीचा. त्याचा कस पाहायचा तर पावित्र्य आणि पावित्र्यभंगाचे शब्द घ्यावेत. इथे कानाला जे नातं वाटतं ते हमखास फसवं निघतं.

'सॅक्रिलेज' उघडा. हा 'रिलिजन'चाच भाऊबंद, असं भल्याभल्यांना वाटतं. नोंद ते स्वच्छ नाकारते. लॅटिन 'साक्रुम' म्हणजे देवाला वाहिलेली वस्तू आणि 'लेगेरे' म्हणजे गोळा करणं, उचलणं. मूळ गुन्हा देवळातल्या चोरीचा! इंग्रजीत शब्द १३०० च्या सुमारास आला तोही याच अर्थाने. कुठल्याही पवित्र गोष्टीची विटंबना हा अर्थ नंतर जडला. विशेषणाचं स्पेलिंग चुकतं तेही या खोट्या नात्यापायी. 'सॅक्रिलिजस'मध्ये 'एल'च्या आधी 'आय' आणि नंतर 'ई' येतो, 'रिलिजस'मध्ये बरोबर उलट.

'डेसिक्रेट' म्हणजे पवित्र गोष्ट विटाळणं. त्याची नोंद तर शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावी अशी आहे. सतराव्या शतकात 'कॉन्सिक्रेट' (पवित्र करणं) मधला सुरुवातीचा 'कॉन' काढून तिथे 'डी' बसवला आणि हा शब्द इंग्रजीतच घडला. लॅटिनमध्ये हुबेहूब असंच क्रियापद आहे, पण त्याचा अर्थ पवित्र करणं! लॅटिनमधून जसाच्या तसा आला असं कुणी लिहिलं, की सगळंच उलटं होतं.

'प्रोफेन' (अपवित्र) म्हणजे मुळात 'फानुम'च्या, देवळाच्या, पुढ्यात पण बाहेर. 'फॅनॅटिक' (धर्मवेडा) हा शब्दही त्याच 'फानुम'मधला. 'ब्लेम' (दोष देणं) आणि 'ब्लास्फेमी' (ईशनिंदा) एकाच ग्रीक शब्दाची लेकरं.

नोंद वाचून थांबू नका. तीत तारांकित मूळ दिसलं की त्यावर क्लिक करा. '*साक्-' या मुळाच्या पानावर 'सेंट', 'सॅक्रिफाइस', 'सँक्शन', 'एक्सिक्रेट' (शाप देणं) ही सगळी भावकी एकत्र सापडते. तारा म्हणजे ते रूप कुठेही लिहिलेलं मिळालेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेने बांधलेलं आहे. उतरवून घेताना तारा गाळू नये. सन दिलेला असतो तो उपलब्ध सर्वांत जुन्या लेखी नोंदीचा, शब्द बोलण्यात त्याआधीही असू शकतो.

उणीव एकच, पण मोठी: शब्द कोणत्या काळी कसा वापरला जाई, याची सालवार अवतरणं इथे नाहीत. त्यासाठी वर्गणी भरून ऑक्सफर्डचा मोठा कोशच गाठावा लागतो. अनुवादकांनी आजचा अर्थही साध्या शब्दकोशातच पाहावा. बातमीतल्या 'सॅक्रिलेज'ला 'देवळातली चोरी' म्हणून चालणार नाही, तिथे 'विटंबना'च हवी.