रायझन ५ ५६००, आठ महिन्यांनंतर : बोर्ड अजून तोच!

‘हा बोर्ड आता टाकून द्या, नवी चिप यावर चालायची नाही.’ सर्व्हिसवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच जुन्या बी४५० मदरबोर्डच्या कॉम्प्युटरवर हे लिहितोय, आणि त्यात रायझन ५ ५६०० ही एएमडी कंपनीची प्रोसेसर चिप आहे.

कोअर, थ्रेड वगैरे चिपचे आकडे तुम्हाला ठाऊक आहेत. माझी जुनी रायझन ५ २६०० काढून ही बसवली की फरक पहिल्याच दिवशी कळतो. मला बोलायचंय ते बोर्डबद्दल. चिपच्या किमतीत आपण घासाघीस करतो, पण तिच्यापायी बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावी लागली की वाचवलेलं सगळं तिथेच जातं. माझा खर्च फक्त चिपचा. आधी बायोस (बोर्डवरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, म्हणजे बोर्ड नवी चिप ओळखेल. मग थोडा वेळ मशीन चालवून चिप आणि कूलरमधली पेस्ट गरम होऊ दिली, बंद केलं आणि कूलर उचलण्याआधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवला. सरळ ओढला तर लॉक असूनही चिप सॉकेटमधून (ती बसते त्या खाचेतून) उपसून वर येऊ शकते आणि पिना वाकू शकतात. नवी चिप बसवून चालू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘एफटीपीएम (चिपमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करू का, वाय की एन?’ असं आलं, तेव्हा पोटात गोळा आला. वाय दाबलं, विंडोज सुरू! (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा.)

ही सोय सहजासहजी मिळालेली नाही. मे २०२० मध्ये एएमडीने ४०० मालिकेच्या बोर्डांना (माझा बी४५० त्यातलाच) झेन ३, म्हणजे ५६०० ज्यातली आहे ती चिपची पिढी, नाकारली होती. लोकांनी ओरड केली तेव्हा निर्णय फिरवला.

पहिले तीन महिने मी एएमडीचे गोडवे गात होतो. मग जुन्या किमती काढून बघितल्या आणि मत बदललं. २६०० एप्रिल २०१८ मध्ये १९९ डॉलरला आली. नोव्हेंबर २०२० मध्ये एएमडी इंटेलच्या पुढे निघून गेली, तेव्हा झेन ३ मधली सर्वांत स्वस्त ५६००एक्स थेट २९९ डॉलर! जानेवारी २०२२ मध्ये इंटेलने कोअर आय५ १२४०० ही टक्कर देणारी चिप दोनशेच्या आत आणली, आणि एप्रिलमध्ये ५६०० पुन्हा १९९ वर. ५६००एक्सपेक्षा बूस्ट (कमाल वेग) २०० मेगाहर्ट्‌झने कमी, बाकी तेवढेच कोअर (चिपमधले काम करणारे भाग). हे दीड वर्ष आधी देता आलं नसतं का? चिप एएमडीची घेतली, पण माझे पैसे वाचले ते इंटेलमुळे.

बोर्ड मात्र सोडणार नाही. वापरलेली ५८००एक्स३डी (याच पिढीतली गेमिंगची वरची चिप) बऱ्या भावात मिळाली तर ती याच सॉकेटमध्ये बसवणार. बायोस तयारच आहे.