भरल्या वजनाचे मिग-21 धावपट्टीवरून उचलताना : डीसीएस वर्ल्डच्या मिग-21बिस मॉड्यूलचे परीक्षण

डीसीएस वर्ल्ड या फ्लाइट सिम्युलेटरसाठीचे (संगणकावर विमान उडवण्याच्या खेळासाठीचे) मिग-21बिस हे मॉड्यूल, म्हणजे त्यात वेगळे विकत घेऊन जोडायचे विमान, 2014 साली बाजारात आले. इतक्या जुन्या मॉड्यूलचे आज परीक्षण कशाला, हा प्रश्न रास्त आहे. परंतु भारतीय हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगड येथे मिग-21ला निरोप दिल्यापासून या विमानाविषयीचे कुतूहल आपल्याकडे पुन्हा जागे झाले आहे. आणि ज्या विमानाचे उत्पादन नाशिकजवळच्या ओझरला व इंजिनाचे ओडिशातील कोरापुटला होत असे, ते घरच्या संगणकावर कितपत खरे वाटते, हे जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. एक खुलासा आधीच केलेला बरा : हवाई दलाने शेवटपर्यंत वापरलेले बायसन हे याच बिसचे सुधारित रूप होते, आणि मॉड्यूलमध्ये आहे ते मूळ सोव्हिएत रूप. या मॉड्यूलमधील रडार, क्षेपणास्त्रे आणि हवाई चकमकी यांवर पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे केवळ एकाच गोष्टीचा विचार केला आहे, ती म्हणजे पुरेपूर भार लादलेले विमान जमिनीवरून उचलणे. माझ्या मते या मॉड्यूलचा खरा कस तिथेच लागतो आणि तिथेच ते सर्वांत सरस उतरते.

मिग-21 हे मुळात उंचावरून येणाऱ्या शत्रूच्या विमानांवर झेपावण्यासाठी घडवलेले हलके विमान. त्याच्या त्रिकोणी पंखांचे क्षेत्रफळ अवघे 23 चौरस मीटर. आतील टाक्या भरून आणि दोन हलकी क्षेपणास्त्रे लावून त्याचे वजन पावणेनऊ टनांच्या घरात जाते. पंखांखालच्या आतल्या बाजूच्या दोन पायलॉनवर (शस्त्रे टांगण्याच्या खुंट्यांवर) 500 किलोचा एकेक बॉम्ब आणि पोटाखाली 800 लिटरची टाकी लावली की काटा दहा टनांच्या पुढे सरकतो. वजनातली ही वाढ पंधरा-सतरा टक्क्यांची, म्हणजे कागदावर फारशी वाटत नाही. मात्र जमीन सोडण्यासाठी लागणारा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तो वेग गाठायला लागणारे अंतर त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि त्यातच तेच इंजिन अधिक वजन ढकलत असल्यामुळे वेग धिम्या गतीने चढतो. परिणामी धाव तिसऱ्या हिश्शाहून अधिक लांबते. मॉड्यूलमध्ये हा हिशेब चोख उमटतो. मिशन एडिटरमध्ये (उड्डाणाची परिस्थिती ठरवण्याच्या सोयीत) तापमान चाळीस अंशांवर नेले, तर विरळ हवेमुळे पंखांचा आणि इंजिनाचा जोर एकदमच कमी होतो आणि अडीच किलोमीटरची धावपट्टीही तोकडी भासू लागते.

धावपट्टीच्या टोकाशी जाऊन उभे राहणे हेच पहिले कौशल्य. या विमानाचे पुढचे चाक पायडलने वळवता येत नाही. ते मोकळे फिरते. वळायचे असेल तर स्टिकवरचा (विमान चालवण्याच्या दांड्यावरचा) ब्रेकचा खटका दाबायचा आणि त्याच वेळी रडरचे (शेपटीवरील उभ्या सुकाणूचे) पायडल एका बाजूला द्यायचे, म्हणजे त्या बाजूचे चाक अधिक धरले जाते. हे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि बाटल्यांतील ती हवा मर्यादित असते, त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, सतत ब्रेक चेपत राहणाऱ्याला पुढे हवेचा दाब उतरलेला दिसतो. जड विमान वळायला आळशी आणि एकदा वळू लागले की थांबायलाही आळशी. हा आळस मॉड्यूलमध्ये हाताला स्पष्ट जाणवतो. ब्रेक की-बोर्डच्या कळीवर ठेवला तर तो एकतर पूर्ण लागतो किंवा अजिबात लागत नाही. तेव्हा जॉयस्टिकवरील एखादा अक्ष ब्रेकसाठी राखून ठेवावा, ही सूचना मी आग्रहाने करीन.

फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या, उचल वाढवणाऱ्या झडपा) टेकऑफच्या स्थितीत म्हणजे 25 अंशांवर, ट्रिम (स्टिकवरचा ताण संतुलित करणारी योजना) मध्यावर, स्टॅबिलायझरचा (शेपटीच्या आडव्या पंखाचा) दिवा लागलेला. ब्रेक धरून इंजिन कमाल फेऱ्यांवर नेले की ते सुमारे 4,100 किलोचा रेटा देते. ब्रेक सोडून आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी यंत्रणा) पेटवला की तोच रेटा सुमारे 7,100 किलोंवर जातो. जुन्या जेट इंजिनाला फेऱ्या चढवायला वेळ लागतो, आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारी दांडी) पुढे लोटल्यापासून पाठीला धक्का बसेपर्यंतची ती वाट पाहणे येथे उत्तम साधले आहे. हलके विमान ताशी 340 किलोमीटरच्या आसपास जमीन सोडते, तर भरलेल्याला 370 किंवा त्याहूनही थोडे अधिक लागतात. हा तीसेक किलोमीटरचा फरक जिथे पार करायचा असतो तिथेच धावपट्टीचा शेवट जवळ येताना दिसतो, आणि नवख्याचा हात आपोआप स्टिक मागे ओढतो.

या मॉड्यूलचे मोल इथे कळते. त्रिकोणी पंख नाक बरेच वर केले तरी चटकन स्टॉल होत नाही, म्हणजे त्याची उचल एकाएकी जात नाही. तो उचल देत राहतो, पण त्या बदल्यात अवरोध प्रचंड वाढवतो. जमिनीलगतच्या हवेचा आधार असेपर्यंत विमान उडाल्यासारखे वाटते. मग ते दहा-पंधरा मीटरवर नाक उंच करून लोंबकळत राहते. आफ्टरबर्नर पेटलेला, इंजिन आपल्या परीने सर्व काही देते आहे, आणि वेगाचा काटा मात्र जागचा हलत नाही. नाक खाली घ्यावे तर खाली जमीन, वर ओढावे तर वेग आणखी घटणार. आकस्मिक कोसळण्यापेक्षा ही कोंडी अधिक बोधप्रद आहे, कारण तिच्यातून कोनदर्शक यंत्राकडे (पंख हवेला किती कोनात भिडतो हे दाखवणाऱ्या काट्याकडे) पाहण्याची सवय लागते. सुटण्याचा मार्ग एकच : नाक अगदी हळुवार दोन-तीन अंश उतरवायचे, चाके लगेच आत घ्यायची, आणि फ्लॅप्सना मात्र वेग पुरेसा येईपर्यंत हात लावायचा नाही, कारण ते मिटताच विमान खाली बसते.

कमी लांबीच्या धावपट्टीसाठी एसपीआरडी-99 या टेकऑफ रॉकेटांची सोय मॉड्यूलमध्ये आहे. मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी लावलेली ही रॉकेटे प्रत्येकी सुमारे अडीच टनांचा रेटा देतात, पण जेमतेम दहा-पंधरा सेकंद. उभ्या विमानातच पेटवली तर ती ऐन गरजेच्या वेळी विझून जातात. विमान धावू लागल्यावर पेटवली तर जमीन सोडेपर्यंत साथ देतात. नंतर रिकामी नळकांडी टाकून द्यावी लागतात. शिवाय फ्लेअर (शत्रूच्या क्षेपणास्त्रांना चकवणारे जळते गोळे) सोडणारी यंत्रणा त्याच जागी बसत असल्याने रॉकेटे की फ्लेअर, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. मला विचाराल तर रॉकेटांचा तमाशा एकदा पाहून घ्यावा आणि नंतर बॉम्ब कमी करावेत.

उणिवाही आहेत. 2014च्या मानाने उत्कृष्ट असलेले कॉकपिट आजच्या नव्या मॉड्यूलांशेजारी जुनाट दिसते, आणि सोव्हिएत पद्धतीच्या स्विचांची रचना अंगवळणी पडायला वेळ लागतो. थ्रॉटलची स्वतंत्र दांडी आणि रडरसाठी निदान पिळून फिरवता येणारी जॉयस्टिक नसेल, तर वर वर्णन केलेले बारकावे हाती लागणारच नाहीत.

मूळ किंमत सुमारे 50 डॉलर आहे, पण सवलतीचे हंगाम वारंवार येतात, त्यामुळे पूर्ण किमतीला घेण्याचे कारण नाही. डीसीएस वर्ल्ड स्वतः मोफत आहे, कॉकेशसचा नकाशाही त्यात मोफत मिळतो, आणि बहुतेक मॉड्यूलांप्रमाणे हेही 14 दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. त्या मुदतीत त्या नकाशातील जॉर्जियातल्या बातुमी शहराची धावपट्टी निवडावी. तिच्या एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला काळा समुद्र आहे. पहिली काही जड उड्डाणे समुद्राच्या दिशेनेच करावीत.