बोल्टने बसवलेली गिटारची नेक: पाडवा ते दिवाळी

पाडव्याला तारा चढवल्या आणि आता दिवाळीही होऊन गेली. वडोदऱ्याचा मे महिना आणि श्रावण-भाद्रपद दोन्ही या गिटारने सोसले, म्हणून आत्ता लिहितोय. त्याआधी लिहिलं असतं तर निम्मं चुकलं असतं.

किट मुंबईहून मागवलं होतं. अकूस्टिकची तयार बॉडी, वेगळी नेक (गिटारची लांब मान) आणि सुटा ब्रिज (बॉडीवर चिकटवायचा, तारा अडकवायचा लाकडी तुकडा). नेकला कूस (पुढे आलेली जीभ), बॉडीत साल (ती बसायची खाच), आणि आतून ॲलन कीने आवळायचे दोन बोल्ट. बरोबर आलेल्या कागदावर नेकसाठी एकच ओळ होती: ‘नेक बसवा.’ या एका ओळीला माझे पाच रविवार गेले.

पहिल्यांदा बोल्ट आवळून लांब स्टीलपट्टी फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवली आणि तिचं टोक ब्रिजवर कुठे येतं ते पाहिलं. ते ब्रिजच्या माथ्याला हलकेच टेकायला हवं. माझी पट्टी जवळपास 2 मिलिमीटर खाली जात होती, म्हणजे नेक पुढे झुकलेली. तशीच ठेवली असती तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) पार घासून टाकावा लागला असता. शिवाय नेक पातळ तारेच्या बाजूला वळलेली होती. दोन्ही कडांना दोरा धरला तेव्हा ते लक्षात आलं, नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

यावर उपाय पॉलिश पेपरचाच. 120 नंबरच्या पेपरची बोटभर रुंद पट्टी कापायची, खरखरीत बाजू हीलकडे (नेकच्या बॉडीला टेकणाऱ्या बुंध्याकडे) करून हील आणि बॉडी यांच्यामध्ये घालायची, एका हाताने नेक बॉडीवर दाबून धरायची आणि दुसऱ्याने पट्टी सरळ ओढून काढायची. पट्टीवर लाकडाची पिवळसर रेघ उमटते. जिथे रेघ नाही, तिथे हील टेकतच नाही. किती घासायचं हे आधी कागदावर काढा, ही माझी कळकळीची विनंती. माझ्या 648 मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर 14व्या फ्रेटपासून सॅडल साधारण 289 मिलिमीटर लांब आहे आणि हीलची खोली 90. म्हणजे ब्रिजपाशी 2 मिलिमीटर उचलायला हीलच्या खालच्या टोकाला फक्त 0.6 मिलिमीटर लाकूड काढायचं, आणि वर फ्रेटबोर्डापाशी (फ्रेट बसवलेल्या फळीपाशी) शून्य. दर तीन ओढींनंतर बोल्ट आवळून स्टीलपट्टी पुन्हा ठेवत होतो. बाजूचा कल काढायला हीलच्या एकाच गालावर तशाच ओढी मारल्या.

कोन बदलल्यावर फ्रेटबोर्डाचा बॉडीवर येणारा भाग किंचित उचलला गेला. त्याखाली शिसवीची पातळ चकती घातली, पण गोंद लावला नाही. अजून तरी खडखड नाही. ब्रिज मात्र नेक पक्की झाल्यावरच चिकटवला, कारण हील घासली की फ्रेट पुढे सरकतात. नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते 12वा फ्रेट 324 मिलिमीटर. त्याच्या दुप्पट अंतर घेऊन जाड तारेकडे सॅडल थोडा मागे.

12व्या फ्रेटवर जाड तार 2.4 आणि पातळ 1.9 मिलिमीटर उंच. सुरसागरसमोरच्या संगीत कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने तासभर वाजवली आणि वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर आहेत म्हणाली. मला तेवढं पुरेसं होतं.

मे महिन्यात लाकूड आक्रसलं. हीलच्या कडेला वहीचा कागद सरकायला लागला, दोन्ही बोल्ट पाव फेरा आवळल्यावर फट मिटली. फ्रेटांची टोकंही कडेला टोचायला लागली, ती कानसीने मारली.

खरी परीक्षा ऑगस्टची. जाड तार 3.1 वर गेली. कोन बिघडला असं समजून मी बोल्ट सैल केले आणि पेपर कापायलाही घेतला. दांडिया बाजारातले आमचे मिस्त्रीकाका बघायला आले होते. त्यांनी आधी ब्रिजमागच्या लाकडावर आडवी पट्टी ठेवून दाखवली. मधोमध फुगवटा होता. म्हणाले, “भाई, लाकडुं हजी हाले छे (लाकूड अजून हलतंय). आत्ता घासलं ते दिवाळीत परत कुठून आणणार?” ते बरोबर होते. ट्रस रॉडने (नेकमधल्या सळईने) ठेवलेला नेकचा बाक तसाच, 0.2 मिलिमीटर होता. दमट हवेने वरची फळी फुगून ब्रिज उचलला गेला होता, नेक जागेवरच होती. हील घासली असती तर कायमचं नुकसान झालं असतं.

त्याऐवजी हाडाचा दुसरा सॅडल केला, 1.4 मिलिमीटर बुटका, कारण सॅडलपाशी जेवढं उतरतं त्याच्या निम्मंच 12व्या फ्रेटवर दिसतं. दिवाळीच्या सुमारास जाड तार खडखडायला लागली, तेव्हा पहिला सॅडल परत घातला. उंची पुन्हा 2.4.

डव्हटेल सांध्याबद्दल (पाचरीसारख्या खाचेत गोंदाने बसवलेल्या) मला आदर आहे, पण तो उघडायला वाफ लागते आणि पहिल्याच गिटारवर ते झेपत नाही. बोल्ट म्हणजे स्वस्तातली तडजोड, हे मला पटत नाही. फेंडरच्या इलेक्ट्रिक गिटारची नेक 1950पासून स्क्रूवर आहे, आणि टेलरने 1999 साली अकूस्टिकला आणलेली नेक बोल्टचीच, तिचा कोन मोजून घातलेल्या चकत्यांनी ठरतो.

तक्रार एकच: किटची हील गुण्यात (काटकोनात) नव्हती आणि विक्रेत्याने ते मान्य केलं नाही. मागवणार असाल तर पैसे भरण्याआधी हीलवर गुण्या लावलेला फोटो मागून घ्या, आणि ब्रिज सुटाच पाठवतात ना, तेही विचारा.