गेफी वापरून बघितलं: फुकट आहे, भारी आहे, पण अन्डू नाही

कोण कोणाला विचारतं, कोण कोणाशी जोडलेलं आहे असला डेटा तुमच्याकडे असेल आणि एक्सेलच्या दोन कॉलमांकडे बघून डोकं उठलं असेल तर गेफी उतरवून घ्या, असल्या जोडण्यांच्या जाळ्याचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर आहे, पैसे पडत नाहीत. ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळ्यावर चालतं. पूर्वी जावा वेगळं टाकायची कटकट होती, आता ते सोबतच येतं. फ्रान्समधल्या कॉम्पियेन्यच्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीतल्या पोरांनी सुरू केलेलं हे, २००९ मध्ये त्यावरचा पेपर आला, आणि एवढ्या वर्षांनीही व्हर्जनचा आकडा १ वर पोचलेला नाही. मी वापरते ते ०.१०, म्हणजे जानेवारी २०२३ चं.

मी नाशकात एका शेतकरी उत्पादक कंपनीचा डेटा सांभाळते. प्रश्न आमचा साधा होता, दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या काही गावांत बागेवर डावणी किंवा भुरी रोग दिसला की द्राक्षवाले पहिला फोन कोणाला लावतात. दीडशेच्या आसपास शेतकऱ्यांना विचारून यादी केली, डावीकडे विचारणारा उजवीकडे ज्याला विचारलं तो, झाला ग्राफ, म्हणजे प्रत्येक माणूस एक ठिपका आणि विचारणं ही त्यांच्यातली रेषा. गेफीला एवढंच लागतं, सोर्स आणि टार्गेट नावाचे दोन कॉलम. नावं मराठीत असतील तर एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढू नका, सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात, युटीएफ-८ वाली काढा नाहीतर एक्सेलची फाइल थेटच द्या, तीही घेतं.

पहिल्यांदा फाइल उघडली की जे दिसतं ते सुतळीच्या गुंत्यासारखं. घाबरू नका, लेआउटमधून, म्हणजे ठिपके मांडायच्या पद्धतींतून, फोर्सअ‍ॅटलस २ निवडा आणि रन दाबा. ठिपके एकमेकांना ढकलतात, रेषा त्यांना ओढून धरतात आणि हळूहळू गावं वेगवेगळी होऊन बसायला लागतात, हे समोर घडताना बघणं खरंच मस्त आहे. हा लेआउट गेफीवाल्यांचाच, २०१४ मध्ये त्याचा सविस्तर पेपर आलाय. तो आपणहून थांबत नाही, तुम्ही स्टॉप दाबेपर्यंत चालू राहतो, बरेच जण वाट बघत बसतात की आता संपेल मग संपेल.

आता खरा मुद्दा. आमच्या मीटिंगला मी चित्र प्रिंट करून न नेता लॅपटॉपच प्रोजेक्टरला जोडला. एक अण्णा, गावातले जुने बागाईतदार, पडद्यावर स्वतःचं नाव शोधत होते. सापडलं ते एकदम कडेला. म्हणाले, "ओ ताई, मी एवढ्या लांब का? मला काय गावाबाहेर काढलं का?" सगळे हसले, पण माणूस दुखावला होता खरा. मग मी लेआउट चालू ठेवूनच त्यांचा ठिपका माउसने धरला आणि ओढत पार मधोमध आणला, त्यांच्या रेषा ताणल्या गेल्या, बाजूचे दोघंतिघं मागोमाग फरपटत आले, सोडल्याबरोबर सगळे परत कडेला. म्हटलं अण्णा, ही कड म्हणजे मान कमी असं नाही, तुमच्या रेषा ज्यांच्याकडे जातात ते सगळे तिकडे आहेत म्हणून तुम्ही तिकडे. त्यांनी स्वतः येऊन दोनदा ओढून बघितलं. छापलेल्या कागदावर हे मी जन्मात पटवू शकले नसते. वर-खाली, डावं-उजवं याला या चित्रात काही अर्थ नाही, पुन्हा सुरुवातीपासून चालवलं तर तेच अण्णा दुसऱ्या कडेला जातील, आणि माणूस मात्र कागदावर मधला ठिपका बघितला की तोच सरपंच समजतो.

बेन श्नायडरमन नावाच्या प्राध्यापकांनी १९९६ मध्येच सांगून ठेवलंय की आधी सगळं चित्र दाखवा, मग झूम आणि फिल्टर, मग हवा तेव्हा तपशील. गेफीत पहिलं झकास आहे. तिसरंही बरं आहे, ठिपक्यावर माउस नेला की त्याचे जोडीदार उजळतात बाकीचे फिके पडतात. मधलं फिल्टरचं काम मात्र अवघड करून ठेवलंय. फिल्टर वरच्या लायब्ररीतून उचलायचा, खाली क्वेरीजमध्ये टाकायचा, दोन फिल्टर हवे तर एकाच्या पोटात दुसरा, आणि कुठला कोणाच्या पोटात यावर उत्तर बदलतं. पण इगो नेटवर्क नावाचा फिल्टर शिकून घ्याच, एका माणसाचं नाव द्या, किती पावलांपर्यंत ते सांगा, फक्त त्याचं वर्तुळ उरतं. आमच्याकडे प्रत्येक जण हेच बघायला मागत होता, पूर्ण चित्रात कोणाला रस नव्हता.

स्टॅटिस्टिक्सचा भाग मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त तिथेच वैताग आला. कोण गावांना जोडतो हे मोजणारी बिटवीननेस लॉजिक म्हणून उत्तम आहे, १९७७ पासून लोक वापरतायत, पण गेफीच्या उजव्या पट्टीत ती त्या नावाने नाहीच. नेटवर्क डायमीटर चालवायचं, त्यातून ती बाहेर पडते. नवीन माणसाला हे कसं कळावं?

आणि तिथेच एक गंमत. सगळ्यात जास्त लोकांनी नाव घेतलं ते औषध दुकानदाराचं, त्यात आश्चर्य नाही. पण छाटणीच्या टोळीच्या एका मुकादमाचंही नाव वेगवेगळ्या गावांतून येत होतं, आणि ते बरोबरच आहे, पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, आज या बागेत उद्या त्या गावात, कुठे डावणी आलीय हे त्याला आमच्या आधी कळतं. तरी त्याची बिटवीननेस शून्य! कारण रेषांना दिशा होती, आणि मुकादमाकडे बाण येत होते पण त्याच्याकडून एकही निघत नव्हता, यादी बागाईतदारांची, तू कोणाला विचारतोस हे त्याला विचारायचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. चालवताना अनडायरेक्टेड, म्हणजे दिशा सोडून, निवडलं की तोच मुकादम उडी मारून पहिल्या ओळीत. सॉफ्टवेअर कुठलाही इशारा देत नाही, तुम्ही जे बटण निवडाल त्याचं उत्तर देतं.

गटांना रंग देणारी मॉड्युलॅरिटी पण अशीच. २००८ ची बेल्जियममधल्या लूव्हॅन युनिव्हर्सिटीवाल्यांची पद्धत आहे, चुटकीसरशी होतं, पण पुन्हा चालवलं की कडेचे दोनचार लोक दुसऱ्या रंगात जातात, आणि रेझोल्यूशनचा, म्हणजे गट किती बारीक पाडायचे त्याचा, आकडा १ वरून खाली आणला की गट वाढतात. त्यामुळे "आपल्याकडे पाच गट आहेत" असं कोणी रिपोर्टात ठोकून लिहिलं तर विचारा, आकडा काय ठेवला होता.

नावांचं एक सांगायलाच पाहिजे, आपल्याकडच्या कोणालाही हे नडणार. विचारायला गेलेली पोरं लोकांनी सांगितलं तसं लिहून आणतात, नाना, आप्पा, भाऊसाहेब, आणि गेफी बिचारं तीन गावांच्या तीन नानांचा एकच नाना करतं, चित्रात हा भलामोठा ठिपका, सगळ्या तालुक्याला जोडणारा. आयडीला गाव आणि जमिनीचा गट नंबर टाका, नाव फक्त लेबलला. उलट प्रकार, म्हणजे एकच माणूस दोन नावांनी, तो डेटा लॅबोरेटरी नावाच्या तक्त्याच्या टॅबमध्ये दोन ओळी निवडून मर्ज करता येतो. करण्याआधी फाइल सेव्ह करा, कारण अन्डू नाही. परत लिहिते, अन्डू नाही! कंट्रोल झेड दाबून बसाल. प्रत्येक मोठ्या कामाआधी वर्कस्पेसची डुप्लिकेट, म्हणजे चालू कामाची कॉपी, काढायची सवय लावा.

छापायचं चित्र तयार होतं त्या प्रिव्ह्यू टॅबबद्दल फार काही नाही, रिफ्रेश दाबल्याशिवाय बदल दिसत नाही, पीडीएफ एसव्हीजी निघतं. टचपॅडवर मात्र वापरू नका, चित्र सरकवायला राइट क्लिक धरून ओढावं लागतं, बोटं वळतात. दोनशे रुपयांचा माउस घ्या.

गेफीवाले काही कंपनी नाहीत, तरी वेबसाइटवर ते एक लाख नोड, म्हणजे ठिपके, आणि दहा लाख रेषांपर्यंत चालेल म्हणतात. माझ्या दीडशेला काय होतंय. पण चालणं वेगळं आणि दिसणं वेगळं. फ्रान्समधल्याच संशोधकांनी २००४ मध्ये तपासलं होतं, वीसेक ठिपक्यांच्या पुढे बहुतेक कामांना ठिपके-रेषांपेक्षा चौकटींचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, लोकांना नीट वाचता येतो, फक्त एकापासून दुसऱ्यापर्यंतची वाट शोधायला रेषा बऱ्या. गेफीत मॅट्रिक्स आयता नाही. मी तो एक्सेलमध्येच रंग भरून केला आणि खरं सांगायचं तर डायरेक्टर लोकांना तोच आधी कळला.

ज्यांना काही इन्स्टॉल करायचं नाही त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारं गेफी लाइट आहे, सोय कमी पण शिकायला सोपं, शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टला तेवढं बास. मोठं काम, फिल्टरवर फिल्टर, असं असेल तर मोठं गेफीच. पाचपैकी चार स्टार, एक अन्डूसाठी कापला. आणि चित्र गावात दाखवणार असाल तर नावं आधी बंद करा, लेबलचं बटण खालच्या पट्टीत आहे, मग ज्याला स्वतःचं बघायचंय त्यालाच इगो नेटवर्क लावून बाजूला दाखवा. आपल्याला कोणीच विचारत नाही हे चारचौघांत कळलेलं कोणाला आवडत नाही.