शिडाच्या रिमोट होडीत कोणती बॅटरी घालायची?

शिडाच्या होडीला ढकलतो वारा. बॅटरीवर चालतं ते सुकाणूचा सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर), शिडाची दोरी ओढणारा विंच आणि रिमोटचे इशारे घेणारा रिसीव्हर, एवढंच. म्हणून मोटारबोटवाल्या मित्राचा 'जास्त सी रेटिंगची लायपो घे' (म्हणजे एकदम जास्त करंट देणारी लिथियम पॉलिमर बॅटरी) हा सल्ला बाजूला ठेवा. आपल्याला भरवसा हवा. कण्हेर धरणाच्या पाण्यात मध्यावर बॅटरीने मान टाकली की होडी जाणार वारा नेईल तिकडे, आणि तुम्ही गाडीला किक मारून वळसा घालत पलीकडच्या काठाला. पोहत जाण्याचा विचारही नको. कण्हेर असो की उरमोडी, धरणाच्या पाण्याची खोली काठावरून कळत नाही. (कासचं नाव मुद्दामच घेत नाही, ते साताऱ्याचं पिण्याचं पाणी आहे.)

बॅटरी बघण्याआधी सर्व्होवरचं लेबल वाचा. साध्या सर्व्होवर ४.८ ते ६ व्होल्ट लिहिलेलं असतं, 'एचव्ही' (हाय व्होल्टेज) लिहिलेले ७.४ किंवा ८.४ पर्यंत सोसतात. निम्मा निर्णय इथेच होतो.

ड्रॅगनफोर्स ६५ सारख्या तयार होडीत चार पेन्सिल सेलचा डबा येतो. त्यात निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे एनआयएमएच सेल घालावेत. एक सेल १.२ व्होल्टचा, चार मिळून ४.८. आता यातही दोन जाती. साधे सेल नुसते कपाटात पडून महिन्याभरात वीस-तीस टक्के उतरतात. दुसरे चार्ज कमी गळणारे. सान्योने २००५ मध्ये आणलेले एनेलूप (आता पॅनासॉनिकचे) त्यातलेच. ते वर्षभर ठेवले तरी बराचसा चार्ज धरून असतात. यांच्यावर २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, साठवणीचं माप) दिसतं, शेजारच्या पाकिटावर २५००, आणि माणूस मोहात पडतो. पडू नये. सरासरी ४०० मिलिअँपिअर खर्च धरला तरी २००० मध्ये पाच तास निघतात. तेवढा वेळ उन्हात कोण उभं राहतंय? पावसाळ्यात महिना-महिना होडी माळ्यावर राहते, तिथे कमी गळणारा सेलच कामाचा.

या सेलची खरी अडचण वेगळी आहे. वाऱ्याचा झोत आला की विंच एकदम करंट खेचतो, अँपिअर-दोन अँपिअरपर्यंत, आणि चार सेलचं व्होल्टेज खाली बसतं. ते साडेतीनच्या आसपास आलं की बरेच रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतात. तेवढ्या वेळात होडी ऐकत नाही. पुष्कळदा यात सेल निर्दोष असतो आणि खोट डब्याच्या स्प्रिंगमध्ये असते. सेल काढून बघा: स्प्रिंगच्या टोकाला हिरवट-पांढरी बुरशी दिसली, तर व्होल्टेज तिथेच गळतंय. त्यापेक्षा पट्ट्या वेल्ड केलेला पाच सेलचा तयार पॅक घ्या. ६ व्होल्ट मिळतात, स्प्रिंगची कटकट जाते आणि साध्या सर्व्होलाही चालतं. वजन साधारण २७ ग्रॅमने वाढतं.

पेन्सिल सेलच्या मापात दोन बहुरूपीही मिळतात. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसतो अगदी तसाच, पण ३.७ व्होल्टचा. असे चार डब्यात घातले की जवळजवळ १५ व्होल्ट होतात आणि रिसीव्हर जळतो. दुसरा, यूएसबीने चार्ज होणारा दीड व्होल्टचा लिथियम. त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत ताठ राहतं आणि मग काहीही न सांगता शून्य होतं. भिंतीवरच्या घड्याळाला ठीक, होडीला नको.

मीटरभर लांबीची होडी असेल तर माझं मत दोन सेलच्या लायफी पॅकला, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटला. चार्जरवरून काढल्यावर ७.२ च्या आसपास, थोड्याच वेळात ६.६ ला स्थिरावतो आणि झोतातही फारसा हलत नाही. सर्व्होवर मात्र ६.६ पेक्षा जास्त सोसतो असं लिहिलेलं हवं. उन्हाळ्यात, बंद गाडीत, लायपोपेक्षा याची भीती कितीतरी कमी. व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट असल्याने किती उरलंय ते व्होल्टमीटरवर कळत नाही. घरी परत भरताना किती एमएएच गेले त्यावरून अंदाज बांधावा लागतो. आणि चार्जर 'लायफी' मोडवरच हवा. लायपोच्या मोडवर तो प्रत्येक सेल ३.६ ऐवजी ४.२ पर्यंत रेटतो.

लायपो सगळ्यात हलकी, हे खरं. पण भरलेली दोन सेलची लायपो ८.४ व्होल्ट. साधे सर्व्हो असतील तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर आला, म्हणजे ओलाव्यात बिघडणारी आणखी एक वस्तू. सेल ३ च्या खाली गेला की खराब, ठेवताना ३.८ वर ठेवायचा. शिवाय शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय वन मीटर वर्गात होडीचं किमान वजन ४ किलो ठरलेलं आहे. होडी मुळात हलकी असेल, तर बॅटरीत वाचवलेले ग्रॅम शिसं चिकटवून परत भरायचे! एचव्ही सर्व्हो आधीच बसवले असतील तरच हा मार्ग बघा.

जुन्या लॅपटॉपमधल्या १८६५० नावाच्या गोल लिथियम सेलचा पॅक कोणी बनवून देतो म्हणालं तर व्होल्टेजचं गणित लायपोसारखंच. '९९०० एमएएच' छापलेला नवा १८६५० दिसला तर पुढे चला. चांगल्यातला चांगलाही साधारण ३५०० च्या आसपास असतो.

थोडक्या पैशात सुरुवात करणाऱ्याने कमी गळणारे एनआयएमएच घ्यावेत. फोटोग्राफीच्या दुकानात फ्लॅशसाठी ते ठेवतात, त्यामुळे गावातही मिळतात. वाचलेले पैसे प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणाऱ्या चार्जरवर घाला. लिथियमला विमानाने पाठवण्याचे निर्बंध आहेत, तेव्हा ऑनलाइन मागवलं तर पार्सलची वाट बघण्याची तयारी ठेवा.

बॅटरी कुठलीही असो, पाण्यात सोडण्यापूर्वी शीड हाताने घट्ट धरून क्षणभर विंच चालवा आणि कोणाला तरी व्होल्टमीटर बघायला सांगा. चार सेलवर आकडा ४.५ खाली गेला, तर त्या दिवशी होडी काठावरच ठेवा.